त्याग आणि टाकणे

गेल्या नवरात्रात तंजावरास जाण्याचा योग आला. एकोजीराजांच्या काळापासून तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी एकाशी आमचा जुना आप्तसंबंध आहे, आणि त्या घरातील वडीलधाऱ्या गृहस्थांना आम्ही मामा म्हणतो. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी कोरविलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख पाहावा, सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखिते डोळ्यांखालून घालावीत, तिरुवैयारूस जाऊन कावेरीचे स्नान करावे, एवढाच बेत होता. तो पारही पडला. परंतु ज्या गोष्टीविषयी हे लिहिण्यास बसलो आहे ती यांपैकी एकही नव्हे. ती गोष्ट मामांची मोटार दुरुस्तीस दिली होती त्या गॅरेजापुढील गटाराच्या तोंडाशी घडली.

तिकडचे पावसाचे मान आपल्याहून निराळे आहे. नैऋत्येचा मोसमी पाऊस घाट ओलांडीपर्यंत बहुतेक रिता झालेला असतो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला खरा पाऊस मिळतो तो ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत, ईशान्येकडून. म्हणून आपल्याकडे मे महिन्यात गाड्यांची जी तयारी होते, म्हणजे वायपरची रबरे बदलणे, टायर पाहणे, ब्रेक तपासणे, इंजिनाचे ऑइल बदलणे, ती तिकडे नवरात्राच्या सुमारास होते. महानवमीची आयुधपूजाही त्याच दिवसांत येते. दोन्ही निमित्ते एकत्र आल्यामुळे अष्टमीच्या दिवशी त्या गॅरेजात पाय ठेवण्यास जागा नव्हती.

मामांच्या मोटारीखाली एक विशीतला मुलगा शिरला. त्याने इंजिनाखालचा नट सैल केला, आणि डांबरासारखे काळे, ऊन ऊन तेल घमेल्यात पडू लागले. साडेतीन लिटर तरी असेल. ते पुरते निथळल्यावर त्याने घमेले उचलले, चार पावले चालून गेला, आणि चहाचा चोथा ओतावा इतक्या सहजपणे ते गटारात ओतले. त्यामागोमाग रेडिएटरमधील हिरवट कूलंट गेले. मी मामांना विचारले, "मामा, हे जाते कोठे?"

"वाहून जाते," मामा म्हणाले.

त्यांच्या स्वरात निष्काळजीपणा नव्हता, की अपराधाची जाणीवही नव्हती. सूर्य कोठे मावळतो असे कोणी विचारावे आणि दुसऱ्याने पश्चिमेकडे बोट दाखवावे, तसे ते उत्तर होते. येथे हे सांगितले पाहिजे की मामा गीतेचा एक अध्याय वाचल्याशिवाय अन्नाला शिवत नाहीत, आणि हा नेम त्यांनी चाळीस वर्षे पाळला आहे.

दुसऱ्या दिवशी पूजेसाठी आम्ही पुन्हा तेथे गेलो. पाने, जॅक, हवेचा पंप यांना गंध-कुंकू लावले होते. दारी केळीचे खांब होते, गाड्यांना झेंडूच्या माळा होत्या, चाकांखाली लिंबे ठेवली होती. कोहळा फुटला. त्याच मुलाने आपल्या पान्यांच्या संचापुढे कापूर लावून डोळे मिटले आणि हात जोडले. त्याच्या भक्तीविषयी मला तिळमात्र शंका नाही. ज्या साधनांवर आपले पोट चालते त्यांना वंदन करणे ही आपल्या संस्कृतीतील फार सुंदर गोष्ट आहे. आपणही दसऱ्यास तेच करतो. परंतु कापराचा वास आणि गटारातील तेलाचा वास एकाच श्वासाबरोबर नाकात शिरला, आणि मन अस्वस्थ झाले ते आजतागायत स्वस्थ झालेले नाही.

त्या मुलाला दोष देण्याचा मला अधिकार नाही, हेही सांगून टाकतो. माझ्याजवळ पूर्वी एक स्कूटर होती. तिची निगा मी स्वतःच राखीत असे, आणि तिचे जळके ऑइल परसातील शेवग्यामागे ओतीत असे. त्या जागी पावसाळ्यातही गवताची काडी उगवत नसे. हे डोळ्यांनी पाहत असूनही मला कधी प्रश्न पडला नाही. उलट, तण मारण्याचा हा बिनखर्चाचा उपाय आहे असे मी शेजाऱ्यांना अभिमानाने सांगत असे! जमीन मुकी असते, तिने केलेली तक्रार ही अशीच असते, हे कळण्यास मला तंजावरपर्यंत जावे लागले.

आता मामांच्या उत्तराकडे वळू. वाहून जाते, हे खरे, परंतु कोठे? तंजावर हे गाव पाण्याच्या जाळ्यात बसलेले आहे. उत्तरेस वडवारू आणि वेण्णार वाहतात, आणि मेट्टूर धरणाबरोबर १९३४ साली पुरा झालेला कल्लणैचा कालवा थेट बृहदीश्वराच्या मंदिराजवळून जातो. कल्लणै म्हणजे करिकाल चोळाच्या नावाने प्रसिद्ध असलेला तो प्राचीन बंधारा. तेथून कावेरीचे पाणी फाटे फुटत फुटत खाली जाते. मुलूख इतका सपाट की पाणी धावत नाही, सरकते. एका शेतातून दुसऱ्या शेतात, त्याच्या पाटातून पुढच्या गावाच्या तळ्यात, आणि शेवटी वेण्णारच्या कित्येक शाखा मुत्तुपेट्टैच्या खारफुटीत विसावतात. आश्विनात तेथे सांबा भाताची कोवळी रोपे गुडघाभर पाण्यात उभी असतात. गटारातील काळे तेल आठ-पंधरा दिवस तेथेच पडून राहते, आणि ईशान्येचा पहिला जोरदार पाऊस आला की ते निघते. ज्याला मामा वाहून जाणे म्हणाले ते वस्तुतः कोणाच्या तरी शेतात जाऊन पोहोचणे आहे.

हे तेल साधे तेलही राहिलेले नसते. इंजिनात फिरताना त्यात झिजलेल्या धातूंचा अंश आणि अर्धवट जळालेल्या इंधनाची घातक द्रव्ये मिसळतात. पाण्यावर त्याचा पातळ पापुद्रा पसरतो, हवा पाण्यात उतरू देत नाही, आणि खालचे मासे-बेडूक गुदमरतात. एक भाग वापरलेले तेल दहा लाख भाग गोडे पाणी नासवू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था आपल्या नागरिकांना सांगते. म्हणजे मामांच्या मोटारीतील साडेतीन लिटरांचा हिशेब पस्तीस लाख लिटर पाण्याशी जाऊन भिडतो. कूलंट तर याहून फसवे. त्यातील ग्लायकॉल चवीला गोड असते, म्हणून कुत्री आणि गुरे ते चाटतात, आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. आणि ज्या मुलाने घमेले उचलले त्याच्या हातांचे काय? असे तेल वर्षानुवर्षे कातडीला लागत राहिले तर त्वचेचे विकार जडतात, कर्करोगाचाही धोका असतो. त्याच्या हातांत मोजे नव्हते.

सातव्या अध्यायात भगवान पाण्यातील रस आणि पृथ्वीतील पवित्र गंध ही आपली रूपे म्हणून सांगतात. तो अध्याय मी शेकडो वेळा वाचला असेन. शेवग्यामागच्या त्या काळ्या डागाशी त्याचा काही संबंध आहे असे मात्र मला कधी वाटले नाही.

त्या रात्री जेवणानंतर मामांशी बोलणे झाले. मामा काही साधेसुधे वाचक नव्हेत. त्यांनी मला जे प्रश्न घातले ते गीतेच्या पुष्कळ वाचकांच्या मनात असतात, म्हणून ते येथे मांडतो.

मामा म्हणाले, "अरे, कर्म करावे आणि फळाची चिंता सोडावी, हाच ना गीतेचा उपदेश? गाडी नीट ठेवणे हे माझे कर्तव्य. ते मी केले. पुढे तेलाचे काय होते याचा विचार करीत बसणे म्हणजे पुन्हा फळात गुंतणे नव्हे काय?"

हा प्रश्न वरवरचा नाही. दुसऱ्या अध्यायातील तो प्रसिद्ध उपदेश आपल्या मनात इतका खोल रुजला आहे की 'पुढचा विचार करू नये' असाच त्याचा अर्थ आपण नकळत करून बसतो. परंतु तीच गीता अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात तामस कर्माचे लक्षण सांगते, आणि ते लक्षण कोणते? अनुबंध, क्षय, हिंसा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. अनुबंध म्हणजे मागाहून येणारी गोष्ट, असा अर्थ श्रीशंकराचार्यांनी केला आहे. क्षय म्हणजे होणारी हानी, हिंसा म्हणजे प्राणिमात्रांना होणारी पीडा. वाचकांनी तो श्लोक पुन्हा एकदा काढून पाहावा. गटारात ओतलेल्या घमेलेभर तेलाचे वर्णन करण्यास याहून नेमके शब्द मला तरी सापडले नाहीत. कर्माच्या मागोमाग काय येणार हे न पाहणारा मनुष्य निष्काम नव्हे, तामस होय, असे गीताच सांगते आहे.

मग फलत्यागाचे काय? माझ्या अल्पमतीस असे वाटते की फळ आणि अनुबंध या दोन वस्तू निराळ्या आहेत. फळ म्हणजे कर्मातून मला मिळावे अशी माझी अपेक्षा असते ते: मान, पैसा, यश, पुण्यसुद्धा. अनुबंध म्हणजे कर्मातून दुसऱ्यास जे भोगावे लागते ते. पहिल्यावरचा हक्क सोडावयाचा आहे, दुसऱ्याची जबाबदारी नव्हे. आपण मात्र नेमके उलट करतो. गाडी गुळगुळीत चालावी हे फळ घट्ट धरून ठेवतो आणि तेलाचे काय झाले हा अनुबंध मोठ्या वैराग्याने सोडून देतो. माझ्या स्कूटरचे फळ मी रोज भोगीत होतो. वैराग्य तेवढे शेवग्यामागे दाखवीत होतो.

मराठीत आपण त्यागाला सोडणे म्हणतो आणि कचऱ्याला टाकणे म्हणतो. दोन्हींत हातातली वस्तू जाते, म्हणून बाहेरून दोन्ही क्रिया सारख्या दिसतात. अठराव्या अध्यायाच्या आरंभी त्यागाचेही तीन प्रकार सांगितले आहेत, आणि नियत कर्म मोहाने सोडून देणे हा त्याग नसून तामसपणा आहे असे सातव्या श्लोकात स्पष्ट म्हटले आहे. त्यागात मनुष्य वस्तूवरची आपली मालकी सोडतो, आणि त्याने कोणाचे तरी भले होते. टाकण्यात मनुष्य मालकीबरोबर काळजीही सोडतो, आणि ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर जाते. तेल गटारात गेले म्हणून ते नाहीसे झाले नाही, ते फक्त माझ्या दृष्टीआड झाले. दृष्टीआड होणे म्हणजे निवृत्त होणे असे मानावयाचे तर डोळे मिटून बसणारा प्रत्येक जण संन्यासी ठरेल.

मामा क्षणभर थांबले आणि त्यांनी दुसरा प्रश्न घातला. तो अधिक कठीण होता. "सर्वच कर्मे दोषयुक्त असतात, अग्नी जसा धुराने वेढलेला, हे भगवंतांचेच वचन ना? मोटार म्हटली की तेल आले, धूर आला. मग मोटारच सोडू काय?"

मोटार सोडता येत असेल तर अवश्य सोडावी, चालावे, असे म्हणण्याचा मोह मला झाला होता. परंतु मामांचे गुडघे दुखतात, आणि मामींना दर पंधरवड्यास रुग्णालयात न्यावे लागते. गृहस्थाश्रमाचा भार वाहणाऱ्याला असली उत्तरे देणे सोपे असते आणि क्रूरही. शिवाय वचन तसेच आहे. अठराव्या अध्यायाच्या अठ्ठेचाळिसाव्या श्लोकात दोष आहे म्हणून आपले सहज कर्म सोडू नये असे भगवान सांगतात, आणि त्यात गृहस्थाला मोठा दिलासा आहे. पण त्या दृष्टांताकडे नीट पाहावे. अग्नीबरोबर धूर येतो, म्हणून अग्नी विझवू नये. ओले लाकूड घालून धूर वाढवावा, किंवा चुलीचे धुराडे शेजाऱ्याच्या खिडकीत काढावे, असे त्यात कोठेही सांगितलेले नाही! जो दोष कर्माला चिकटून येतो आणि टाळता येत नाही, त्याविषयी तो श्लोक बोलतो. जो दोष एक झाकणाचा डबा ठेवल्याने टळतो त्याविषयी नव्हे.

तिसरा प्रश्न मामांनी विचारला नाही, पण तो माझ्याच मनात होता, कारण त्यात माझी सुटका होती. तेल मी ओतले नाही, मामांनीही ओतले नाही, त्या मुलाने ओतले. आम्ही पैसे देणारे. परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाविषयी बोलताना, मारणारा तेवढाच दोषी नव्हे, तर अनुमती देणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा हे सारेच त्यात वाटेकरी आहेत असे म्हटले आहे. चौथ्या अध्यायात तर पाण्यात मलमूत्र, थुंकी, रक्त, विष किंवा अपवित्र वस्तूंनी माखलेले काही टाकू नये असा सरळ निषेधच आहे. मनुस्मृतीतील पुष्कळ गोष्टी आज आपण मान्य करीत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु नेमके जेथे तिने आपल्या सोयीच्या आड यावे तेथेच तिचा विसर पडावा, हेही बरे नव्हे. गॅरेजवाल्याने ऑइल बदलण्याचे पैसे सांगितले तेव्हा आम्ही घासाघीस केली होती. तेल नीट साठविण्याचा खर्च त्या पैशांत धरला आहे काय, असे आम्ही विचारले नव्हते. कमी पैशांत ते काम झाले याचे कारण उरलेले पैसे खालच्या शेतकऱ्याने भरावयाचे होते.

तंजावर सोडण्यापूर्वी कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै येथे गेलो होतो. तेथील स्थपती चोळांच्या काळापासून चालत आलेल्या रीतीने पंचधातूच्या मूर्ती घडवितात. आधी मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर मातीचे थर चढवितात, मग साचा तापवून आतील मेण वितळवून बाहेर काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. थरांची ही माती कावेरीचा गाळ असते. तो इतका मऊसूत असतो की मूर्तीच्या पापणीची रेषासुद्धा त्यात उमटते. साच्यातून निथळणारे मेण ते भांड्यात धरतात आणि पुढच्या मूर्तीच्या कामी घेतात. मी त्या ओघळत्या मेणाकडे पाहत होतो, आणि मला ते घमेले आठवले. दोन्हीकडे कामातून एक वापरून झालेला पदार्थ निथळत होता. एकीकडे तो धरला जात होता. दुसरीकडे तो ज्या नदीच्या गाळातून देवाची पापणी उमटते तिच्याच वाटेला लागत होता. त्या स्थपतींनी यावर काही तत्त्वज्ञान सांगितले नाही. मेण महाग आहे, वाया कशाला घालवायचे, एवढेच ते म्हणाले.

तेलाचेही तसेच आहे, हे मला नंतर कळले. इंजिनाचे तेल झिजून संपत नाही, ते मळते. त्यातील पाणी, काजळी, धातू काढून टाकून ऊर्ध्वपातनाने ते पुन्हा शुद्ध करता येते, आणि एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. आपण ज्याला जळके ऑइल म्हणतो ते जळलेले नसतेच. तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन करताना, या चक्राला जो आपल्या बाजूने गती देत नाही तो व्यर्थ जगतो, आणि जो घेतो परंतु परत देत नाही तो चोरच होय, असे म्हटले आहे. पृथ्वीच्या पोटातून लक्षावधी वर्षांनी सिद्ध झालेले तेल आपण घेतो. ते शुद्धीकरणाच्या भट्टीपर्यंत पोहोचविणे हे त्या चक्राला लावलेले एक बोट मानण्यास काय हरकत आहे?

सरकारी नियमांचाही ओघ आता याच दिशेला आहे. घातक कचऱ्यासंबंधीचे पहिले नियम आपल्या देशात १९८९ साली झाले आणि आजचे २०१६ चे आहेत. त्यांत २०२३ च्या सप्टेंबरात दुरुस्ती होऊन, वापरलेल्या तेलाची जबाबदारी तेल तयार करणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवरही टाकण्यात आली. १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली. बॅटऱ्यांसाठी २०२२ साली स्वतंत्र नियम झाले, त्यांतही हेच तत्त्व आहे. वस्तू विकली म्हणजे बनविणाऱ्याचा संबंध संपला असे नाही, असे कायदा म्हणतो. अनुबंधाचा विचार कायद्याच्या भाषेत मांडावयाचा तर तो असाच मांडावा लागेल. परंतु गल्लीतील गटारापाशी कायद्याचा शिपाई उभा राहणार नाही, आणि राहूही नये. तेथे गृहस्थाची स्वतःची नजर हवी.

म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. पावसापूर्वी गाडी अवश्य तपासून घ्यावी. ब्रेकचे ऑइल हवेतील ओल शोषून घेते आणि कालांतराने निकामी होते, तेथे कंजुषी करू नये. मात्र इंजिनाचे ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हाच बदलावे. उगाच लवकर बदलण्यात गाडीचे हित नाही, फक्त काळे तेल वाढते. निघालेले ऑइल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये धरावे. त्यात पेट्रोल, कूलंट किंवा ब्रेकचे ऑइल मिसळू नये, कारण मिसळलेले तेल पुन्हा शुद्ध करणे दुरापास्त होते. जुना ऑइल फिल्टर रात्रभर निथळत ठेवावा. खाली सांडलेच तर पाण्याने धुऊ नये, त्यावर भुसा किंवा वाळू टाकून ती भरून घ्यावी. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्यावी, तिच्यातील शिसे मुलांच्या मेंदूला फार अपायकारक असते. आणि गॅरेजवाल्याला विचारावे की तेल कोण नेतो. शुद्धीकरणाची नोंदणी असलेल्याकडे ते गेले तर बरे. नाही तर कोठे ते भट्टीत जाळले जाते, कोठे सेंटरिंगच्या फळ्यांना फासले जाते, तर कोठे थोडेबहुत गाळून नव्या डब्यात भरून आपल्यालाच परत विकले जाते. ज्यांच्याकडे मोटार नाही, परंतु शेतावर डिझेलचा पंप किंवा ट्रॅक्टर आहे, त्यांनाही हे सारे लागू आहे. त्यांचे तेल तर विहिरीच्या काठावरच निथळते.

यांत अवघड असे काही नाही. अवघड आहे ते विचारणे. गॅरेजात उभे राहून "तेलाचे काय करता?" असे विचारताना माणसाला उगाच लाज वाटते. चार लोक हसतील, हा शिकलेला शहाणा आला म्हणतील. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात लोकसंग्रहावर जो एवढा भर दिला आहे, त्याचा आपल्यासारख्यांच्या वाट्याला येणारा भाग बहुधा एवढाच असावा: चार लोकांसमोर एक साधा प्रश्न विचारणे, आणि हसले तरी पुढच्या खेपेस पुन्हा विचारणे.

मामांनी तो विचारला. मी निघण्याच्या दिवशी सकाळी ते स्वतः काठी टेकीत त्या गॅरेजात गेले. मालक भला मनुष्य होता. तो म्हणाला, पूर्वी एक जण येऊन तेल नेत असे, आता येत नाही, आणि पिंप ठेवण्यास जागा नाही, रस्त्यावर ठेवले तर लोक त्यात कचरा टाकतात. मामा घरी आले, आणि परसात पडलेले एक जुने लोखंडी पिंप झाकणासह त्यांनी त्याच दुपारी तिकडे पाठवून दिले. बरोबर रबरी मोज्यांचे दोन जोडही दिले. मोजे मामींनी सुचविले होते.

दिवाळीनंतर मामांचा फोन आला तेव्हा मी पिंपाची चौकशी केली. ते अर्धे भरले आहे. मुलगा मोजे घालतो, पण उकाड्यात काढून ठेवतो. कूलंट अजूनही गटारातच जाते, कारण त्यासाठी दुसरे पिंप हवे, आणि ते कोठे ठेवायचे यावर मामा आणि मालक यांचे अद्याप एकमत झालेले नाही. तेल नेणारा नोंदणीकृत मनुष्य तिरुचिरापल्लीकडून मिळतो का, याचा शोध मामांनी चालविला आहे.

माझी स्वतःची गाडी मी गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला दिली होती. तेलाचे काय करता, असे विचारले. आम्ही ते देतो, असे उत्तर मिळाले. कोणाला देता, त्याची पावती दाखवाल काय, असे विचारल्यावर गल्ल्यावरचा मनुष्य हसला आणि म्हणाला, साहेब, पुढच्या वेळी दाखवतो. पुढची वेळ ज्येष्ठात येईल.